इंची टेप

सव्वासहाची एसटी, साडेनऊला मेळा स्टँड.
मांडीवर फाईल, फाईलवर डबा,
डब्यावर दोन्ही हात.
साहेब आले नाहीत. त्यांच्याकडे तीन गावांचा चार्ज,
सोमवार-मंगळवार आमचे,
आणि आज गुरुवार.
म्हणाले, गांगुर्डेबाई, तुम्हीच जा,
तुमचं अक्षर चांगलं आहे.

अक्षराचं काम नव्हतं तिथे.
गंगापूर रोडला पाचवा मजला, काचेचं दार,
आत एवढा गारठा की मी पदर ओढून घेतला.
भिंतभर गोदेचा नकाशा:
धरणातून इतकं सोडलं
तर कुठला पूल, कुठली गल्ली, किती वाजता.
टेबलावर नाशिकचा प्रस्ताव, उशीएवढा जाड.
आमची अकरा पानं,
त्यातलं एक ठरावाची नक्कल.

मुलगी चांगली होती. ऋजुता नाव.
खुर्ची दिली, पाणी दिलं,
मग स्क्रीन माझ्याकडे वळवला.
शहर निवडा.
तिने यादी खाली ओढली, आणखी खाली,
आमच्या आधीचं गाव गेलं, नंतरचं आलं.
‘इतर’ टाकूया, म्हणाली.
मी म्हटलं, टाका.

पुढचा रकाना: दहा वर्षांची पूरपातळी. पुरावा जोडा.

नाशिकचं बरं आहे,
दुतोंड्या मारुती उभाच असतो पाण्यात.
गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं,
अख्खं शहर त्याच्या अंगावर पूर वाचतं
आणि पेपरात फोटो येतो.
आमचा मारुती टेकाडावर, कोरडा.
आमच्याकडे रज्जाकभाई शिंपी.
नाल्याच्या वळणावर दुकान.
पाणी ओसरलं की भिंतीवरची चिखलाची रेघ
ते गळ्यातल्या टेपने मोजतात
आणि कापडावर मारायच्या खडूने
शेजारी लिहून ठेवतात.
बेचाळीस इंच. शिवलेले नऊ शर्ट.
एकावन्न. मशीनची मोटार.
साडेअडतीस. काही नाही, आधीच वर ठेवलं होतं.
एकसष्ट.
एकसष्टपुढे काही लिहिलेलं नाही.
पलीकडच्या खोलीत धोंडाबाई खाटेवर होत्या.

दर पुरात खालची अक्षरं धुऊन जातात,
रज्जाकभाई आठवून पुन्हा लिहितात.

मी मोबाईलमधला फोटो दाखवला.
तिने दोन बोटांनी मोठा केला,
एकसष्टपाशी थांबली.
मग म्हणाली, अपलोड होईल, मॅडम,
पण ग्राह्य धरणार नाहीत.
यंत्राची नोंद हवी.
यंत्राला पैसे हवेत,
पैशांसाठी हाच फॉर्म,
आणि फॉर्म म्हणतो, यंत्राची नोंद जोडा.
शिवाय स्वतःचा हिस्सा दहा टक्के,
म्हणजे आमची दोन वर्षांची घरपट्टी,
तीही सगळ्यांनी भरली तर.

नाशिकवर राग नाही माझा.
बहीण सराफ बाजारामागे भाड्याने राहते.
तिच्या जिन्यात पाणी चढलं त्या रात्री
मीच फोन लावत बसले होते.
तिला भिंत मिळू दे, पंप मिळू दे, भोंगा मिळू दे.
तो भोंगा आमच्यापर्यंत ऐकू येत नाही,
एवढंच.

डबा तसाच राहिला होता, स्टँडवर खाल्ला.
गाडीला तास होता.
रविवार कारंजापाशी चालत गेले,
पांढरा ऑइल पेंट घेतला, सगळ्यात लहान डबी,
आणि एक बारीक ब्रश.
पैसे माझेच, तरी पावती मागितली.
दुकानदार म्हणाला, नाव काय टाकू?
मी नगरपंचायतीचं पूर्ण नाव सांगितलं,
सावकाश, अक्षर अक्षर.
त्याने चुकीचं लिहिलं.
पेन मागून घेतलं
आणि खोडून, वर नीट लिहिलं.
माझं अक्षर चांगलं आहे.